चकाकी कुणासाठी? जुन्या स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन आणि आपली नजर

(चिंचोळी एमआयडीसीत झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून काहींनी आम्हाला आधीच विचारलं, की हा तर गॅरेजचा विषय, यावर समीक्षा कसली करणार? नाटकाची समीक्षा होते, पुस्तकाची होते, चित्राची होते. गाडीच्या पोटाखालच्या दांड्यांना कुठला रंग लावला, याची कसली समीक्षा? आमचं म्हणणं साधं आहे. जिथं माणूस अनेक पर्यायांतून एक निवडतो आणि ती निवड चारचौघांत मिरवतो, तिथं समीक्षेला जागा आहे. आणि इथं तर जरा जास्तच आहे. नाटक पडलं तर तिकिटाचे पैसे जातात. इथं निवड चुकली तर चाक निखळतं.

सुरुवात चिंचोळीपासूनच करू. पुणे रस्त्यावरच्या याच वसाहतीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे. १९९२ साली सोलापुरात सुरू झालेली ही कंपनी. तिचे कॅमशाफ्ट फोर्ड, जनरल मोटर्स, ह्युंदाई यांच्यासारख्यांच्या इंजिनांत गेलेले आहेत. तुमच्यापैकी ज्यांनी चिल्ड कास्ट आयर्नचा कॅमशाफ्ट हातात घेतलाय त्यांना ठाऊक आहे, की ओततानाच लोबच्या जागी साच्यात चिल ठेवतात. तिथं रस झटकन गोठतो आणि लोबची कातडी पांढऱ्या बिडाची, कडक होते. मग ग्राइंडिंग होतं. आणि जगभरात बऱ्याच कॅमशाफ्टना शेवटी फॉस्फेटचा एक काळपट थर देतात. दिसायला तो अगदीच मळकट. त्याचा फोटो कुणी दिवाणखान्यात लावणार नाही. पण तो थर तेल धरून ठेवतो, त्यामुळे इंजिन पहिल्यांदा फिरताना लोब आणि टॅपेट एकमेकांना चावत नाहीत.

म्हणजे बघा, पृष्ठभाग हा भागाचा कपडा नव्हे. ती त्याची कातडी आहे, आणि कातडीला काम असतं.

हे काही परदेशातून आलेलं शहाणपण नाही. आपल्या आज्यांना ते माहीत होतं. गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा, कापसाच्या बोळ्यानं पुसायचा आणि पितळी पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. पोरं त्या चकाकीकडे बघत बसायची. आजी चकाकीसाठी पैसे देत नव्हती. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी कळकते, म्हणून देत होती. आणि कल्हई भांड्याच्या आतून करायची असते, जिथं पाहुण्याची नजर जात नाही तिथं. आजच्या सगळ्या व्याख्यानाची कसोटी हीच धरा: समोरचा थर कल्हई आहे की नुसता मुलामा?

आता गाडीकडे येऊ. उदाहरण म्हणून ट्रायम्फ स्पिटफायर घेऊ. दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६२ ते १९८० या काळात बनली. नाव परकं वाटेल, पण तिचं पुढचं सस्पेन्शन आपल्या ओळखीचं आहे. ते आलं ट्रायम्फ हेराल्डवरून, आणि हेराल्ड १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स बनवत होती. तीच आपली स्टँडर्ड हेराल्ड. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, पुढचा अख्खा बॉनेट मडगार्डसकट उचलला जायचा आणि सस्पेन्शन डोळ्यांसमोर उघडं पडायचं. लोटस एलान ही त्या काळातली नावाजलेली स्पोर्ट्स कार. तिनंसुद्धा पुढचे उभे दांडे ट्रायम्फकडूनच घेतले होते. तेव्हा कुणी स्पिटफायर उभी करो, नाहीतर आजोबांची हेराल्ड, हातात येणारा तुकडा तोच असतो.

तो तुकडा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वर एक आर्म, खाली एक आर्म. दोन्ही दाबलेल्या पत्र्याचे. त्यांच्या मध्ये घडीव पोलादाचा उभा दांडा, ज्याला इंग्रजीत व्हर्टिकल लिंक म्हणतात. वरच्या टोकाला बॉलजॉइंट. खालच्या टोकाला मात्र बॉलजॉइंट नाही. तिथं दांड्यालाच आटे पाडलेत आणि ते आटे ट्रनियन नावाच्या कांशाच्या तुकड्यात फिरतात. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत स्क्रूसारखा थोडा वर-खाली होतो. डाव्या बाजूला डावे आटे, उजव्या बाजूला उजवे. गाडीचं पुढचं वजन, खड्डा, ब्रेक, वळण, सगळं त्या आट्यांतून जातं.

या ट्रनियनला तेल लागतं. गिअरबॉक्समध्ये घालतात तसलं ९० नंबरचं जाड तेल. पण त्यावर बसवायला निपलसारखी जागा दिसते, म्हणून पिढ्यान् पिढ्या मेस्त्रींनी तिथं ग्रीस भरलं. ग्रीस वरच्या आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, वाळतं. मग पाणी शिरतं, आट्याच्या खाचेत गंज धरतो, गंजाचा खड्डा पडतो, खड्ड्यातून बारीक भेग निघते. आणि एक दिवस दांडा आट्यांच्या वरच्या टोकापाशी तुटतो. चाक मडगार्डखाली आडवं होतं.

आता असा दांडा, सहा दशकं चाललेला, रिस्टोरेशनला येतो. त्याला रंगवायचंय. कसा रंगवाल? आमच्या पाहण्यात याची उत्तरं साधारण चार पठडीतली असतात. एकेकीचा समाचार घेऊ.

पहिली पठडी क्रोमची. गाडी प्रदर्शनात उभी करायची, खाली आरसा ठेवायचा, आणि आर्म, दांडे, इतकंच काय कॉइल स्प्रिंगसुद्धा लखलखली पाहिजे. फोटोला ही पठडी झकास. समीक्षकाच्या नजरेनं मात्र चौघींत वाईट हीच. क्रोम चढवायच्या आधी भाग घासून गुळगुळीत करावा लागतो. त्यात घडाईची खूण, ओतकामाचा नंबर, तपासनिसानं मारलेला ठसा, सगळं जातं. मग ॲसिडमध्ये बुडवतात, मग विजेच्या टाकीत. या दोन्ही ठिकाणी हायड्रोजन सुटतो आणि कडक पोलादाच्या पोटात शिरतो. पोलाद ठिसूळ होतं. वाईट असं, की ते लगेच कळत नाही. बोल्ट व्यवस्थित कसला जातो, टॉर्क बरोबर भरतो, आणि काही तासांनी, काही दिवसांनी, उभ्या गाडीत त्याचं डोकं उडतं.

यावर उपाय आहे, आणि तो या वसाहतीतल्या प्लेटिंगवाल्यांना सांगायला नको. साधारण ३२ एचआरसीच्या वरचा कडक भाग असेल तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत घालायचा, १९० ते २२० अंश सेल्सियसला काही तास ठेवायचा, म्हणजे हायड्रोजन बाहेर निघतो. १२.९ ग्रेडच्या बोल्टला तर विजेचं प्लेटिंग टाळायचंच. त्याला झिंक फ्लेकचा थर बरा. पण जुन्या गाडीचा मालक भाग घेऊन येतो तेव्हा त्याची हार्डनेस किती, हे ना तो सांगतो, ना कुणी विचारतं. स्प्रिंग तर मुळातच कडक तारेची. तिला ॲसिडमध्ये बुडवून क्रोम करणं म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. कथलाचा वाळा निदान तुटून अंगावर तरी येत नाही.

दुसरी पठडी पावडर कोटिंगची. हिचा आम्हाला राग नाही. ती स्वस्त आहे, टिकाऊ आहे, आपल्याकडे सहज होते. आर्मसारख्या पत्र्याच्या भागाला पावडर उत्तम बसते. अडचण आहे ती "सगळ्याला एकदम" या सवयीची. भाग तारेला टांगला, बंदूक फिरवली, भट्टीत घातला, बाहेर काढला: आटेही काळे, बुशची जागाही काळी, बोल्टखालची बैठकही काळी.

यातलं गणित कागदावर मांडू. पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन. ८० धरा. ब्रॅकेट आणि आर्म यांच्या सांध्यात एका बोल्टखाली चार रंगवलेले पृष्ठभाग येतात असं समजा. चार गुणिले ८० म्हणजे ३२० मायक्रॉन, ०.३२ मिलिमीटर प्लास्टिक. आता चाळीसेक मिलिमीटर पकडीचा बोल्ट नीट कसला तर तो ताणला किती जातो? जेमतेम ०.१ मिलिमीटर. त्या एवढ्याशा ताणावर सांधा घट्ट राहतो. प्लास्टिक दाबाखाली हळूहळू बसतं. ०.३२ मधला तिसरा हिस्सा बसला की बोल्टचा सगळा ताण संपला. पान्हा लावून पाहिलात तर बोल्ट ढिला, आणि मालक म्हणतो, "मी स्वतः टॉर्क रेंचनं कसला होता." कसला होताच. खालची जमीन सरकली, त्याला तो काय करणार?

पावडरची दुसरी खोड म्हणजे ती झाकते. जाड, चिवट, एकसंध थर. खाली भेग वाढत असली तरी वरचा थर ताणून धरतो आणि डोळ्याला काही दिसत नाही. पातळ रंग निदान भेगेबरोबर तडकतो, गंजाची तांबूस रेघ दाखवतो. पावडरखाली पाणी शिरलं की गंज आत पसरतो आणि वर सगळं आबादीआबाद. बडा घर, पोकळ वासा.

तिसरी पठडी काळ्या डब्याची. ही सर्वांत गरीब आणि सर्वांत जुनी. गाडी जॅकवर घ्यायची, पाण्याचा फवारा मारायचा, वायर ब्रश फिरवायचा आणि काळा रंग ओढायचा. नटावर, बुशवर, ग्रीसवर, चिखलावर, सगळ्यांवर समान न्यायानं. हसू नका, या पठडीच्या बाजूनंही बोललं पाहिजे. इथं कुणी भाग घासून बारीक करत नाही, ॲसिडमध्ये बुडवत नाही, आट्यांत वाळू जाऊ देत नाही. जे काही बिघडलेलं आहे ते तेवढंच बिघडलेलं राहतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी याच काळ्या डब्यावर वर्षानुवर्षं धावल्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या. ज्या प्रीमियर कंपनीच्या त्या गाड्या, ती उभी केली वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा, हे इथं वेगळं सांगायला नको. त्या टॅक्सीच्या पोटाला कधी क्रोम लागला नसेल, पण ग्रीसगन वेळेवर लागत होती म्हणूनच ती धंदा करू शकली. काळ्या डब्याचा दोष एवढाच, की तो पाहण्याचं काम टाळतो. भाग सुटा केलाच नाही तर भेग दिसणार कशी?

चौथी पठडी ओरिजिनलवाल्यांची. यांचं म्हणणं, कारखान्यातून गाडी जशी बाहेर पडली तशीच हवी. त्या काळातल्या अशा गाड्यांचे खालचे भाग बहुतेक साध्या काळ्या रंगाचे, नटबोल्ट कॅडमियम किंवा झिंकचे, काही फॉस्फेटचे. ही मंडळी अभ्यासू असतात. जुनी मॅन्युअलं वाचतात, रंगाची झाक जुळवतात, बोल्टच्या डोक्यावरची अक्षरं तपासतात. त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्यांना दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

एक, कारखान्यानं काळा रंग लावला तो दहा-बारा वर्षांच्या आयुष्याच्या हिशेबानं. तुम्हाला ती गाडी नातवापर्यंत न्यायची आहे. मग हिशेब तोच कसा राहील? दोन, कॅडमियम. गंजाला तो फार छान अडवतो, पण विषारी आहे. टाकीवर उभा राहणारा कामगार आणि टाकीतून वाहणारं पाणी दोघांनाही. युरोपीय संघानं २००० सालच्या नियमावलीत मोटारींतल्या कॅडमियमवर, शिशावर, पाऱ्यावर आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियमवर बंधनं आणली ती उगाच नाही. एका छंदाच्या गाडीवरचे दोन डझन बोल्ट अस्सल दिसावेत म्हणून कुणाच्या तरी मूत्रपिंडाची किंमत मोजायची का? आमचं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. झिंक लावा, त्यावर ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन करा, आणि नोंदवहीत लिहून ठेवा की मूळ थर कॅडमियमचा होता. अस्सलपणा नोंदीतही जपता येतो.

आता कायद्याकडे वळू. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांसाठी नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. आणि अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नको. नियम स्वागतार्ह आहे. पण समीक्षकानं मजकुरात काय गाळलंय तेही वाचायचं असतं. त्या यादीत सस्पेन्शनचं नाव नाही. मूळपणा म्हणजे बॉडीची रेषा आणि इंजिनचा नंबर. रस्ता आणि माणूस यांच्या मधला जो भाग आहे, तो मूळपणाच्या व्याख्येत बसतच नाही. प्रदर्शनातल्या कौतुकाचंही तसंच. चमक दिसते, तिला गुण मिळतात. आट्यांत तेल आहे का, हे उभ्या गाडीकडे पाहून कळत नाही, म्हणून त्याला गुण नाहीत. जे मोजलं जातं तेच केलं जातं.

जगात यावर विचार झालेला आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, म्हणजे फिवानं, २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. इमारतींच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली होती, तिचाच विचार त्यांनी चाकांवर आणला. मुद्दे साधे: शक्य तितकं जपा, गरजेपुरतंच बदला, बदललं ते नोंदवा, नव्या भागावर ओळखू येईल अशी खूण करा. आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण द्यायचं तर पंढरपूर. विठ्ठलमूर्तीची झीज थांबावी म्हणून २०२० मध्ये पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली वज्रलेप झाला. तिथं मूर्ती नवी दिसावी असं कुणी म्हटलं नाही. झीज थांबावी आणि मूर्ती तीच राहावी, एवढंच हवं होतं. लेप किती द्यायचा, कशासाठी द्यायचा, कुणाच्या सल्ल्यानं द्यायचा, हे आधी ठरलं. गाडी काही देव नाही. पण पद्धत तीच लागू पडते.

मग मूळ अडचण कुठं आहे? आमच्या मते ती चलनाच्या कागदावर आहे. जॉब वर्कला भाग पाठवताना आपण चलनावर काय लिहितो? "नग ८, ब्लास्टिंग, पावडर ब्लॅक ग्लॉस." संपलं. आता याच वसाहतीत परदेशी गिऱ्हाइकाच्या भागाचं ड्रॉइंग आठवा. त्यावर धातू कुठला, हार्डनेस किती, थर किती मायक्रॉन, कुठं लागायला नको, भट्टी किती तापमानाची, मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत किती तास टिकला पाहिजे, सगळं लिहिलेलं असतं. पाच टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश तापमान, इतके तास, हे इथला सुपरवायझर झोपेतही सांगेल. आणि दुपारी तोच सुपरवायझर, त्याच टाकीवर, कुणाची तरी हेराल्ड "करून देतो" तेव्हा यातलं काहीच विचारत नाही. म्हणजे आपल्याला येत नाही असं अजिबात नाही. निर्यातीच्या मालाला जो मान देतो तो आपण जुन्या गाडीला देत नाही. तिला आपण हौस समजतो, आणि हौसेला ड्रॉइंग लागत नाही असं धरून चालतो.

म्हणून आमची सूचना अशी आहे: जुन्या भागालाही चलनावर सहा ओळी लिहा. भाग कशाचा, पत्रा, घडीव पोलाद, बीड, कांसं की ॲल्युमिनियम. हार्डनेस मोजली का. भेगेची चाचणी झाली का. थर कुठला आणि किती. कुठं लागायला नको. प्लेटिंग असेल तर भट्टी किती वेळ.

आणि क्रम पाळा. रंगाच्या कामात निम्मं शहाणपण क्रमात असतं. आधी फोटो आणि खुणा. डावा-उजवा ट्रनियन बदलला तर आटेच जुळणार नाहीत. मग बुश, बॉलजॉइंट, सील काढून टाका. भट्टीत रबर टिकत नाही. मग केमिकलनं ग्रीस आणि जुना रंग उतरवा. कांशाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भागाची डाय पेनेट्रंट चाचणी ब्लास्टिंगच्या आधी करा, कारण वाळूच्या माऱ्यानं भेगेचं तोंड लिंपलं जातं आणि शाई आत शिरत नाही. पोलादी दांड्याची मॅग्नेटिक चाचणी रंगाआधी करा. आटे, बॉलजॉइंटचा टेपर, बुशची जागा झाकून मगच ब्लास्टिंग. दाबलेल्या पत्र्यावर बारीक माल आणि कमी दाब, नाहीतर पत्रा वाकतो. पोकळ जागेत अडकलेली वाळू झटकून काढा. आट्यांत गंजाचा खड्डा दिसला, भेग दिसली, तर तो दांडा रंगवायचाच नाही. तो टेबलावर ठेवायचा, गाडीवर नवा लावायचा.

थराची निवडही भागागणिक. पत्र्याच्या आर्मला आतून-बाहेरून ईडी कोट मिळाला तर फार चांगलं. पंधरा-वीस मायक्रॉनचा पातळ थर, पण कोपऱ्याकोपऱ्यांत पोचतो. वर हवा तर रंग. उभ्या दांड्याला पातळ रंग पुरे, म्हणजे भेग लपणार नाही. आट्यांना नुसतं तेल. स्प्रिंगला ॲसिड नको. फॉस्फेट आणि रंग. आणि तिला पॉलिशही नको. स्प्रिंगच्या तारेवर बारीक छर्ऱ्यांचा मारा केलेला असतो, त्यानं वरची कातडी दाबाखाली राहते आणि स्प्रिंग लवकर थकत नाही. खरखरीत दिसते म्हणून ती कातडी घासून काढली, तर आयुष्यच घासून काढलं.

जोडणीतही एक गोष्ट. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे कसू नका. चाकं जमिनीवर, वजन पूर्ण, मग कसा. नाहीतर गाडी खाली घेताच रबर पिळलं जातं आणि नवा कोरा बुश काही महिन्यांत फाटतो. आपल्या सोलापूरकडे खारी हवा नाही, त्यामुळे मुंबईच्या गाडीइतका गंज इथं दिसत नाही; पण उन्हानं रबर कडक होतं. बाहेरून शाबूत दिसणारा जुना बुश दाबून पाहा, लाकूड झालेला असतो.

हे ऐकून एक आक्षेप हमखास येतो. "अहो, गाडी वर्षातून दोनदा बाहेर निघते, चाळीसच्या पुढं जात नाही. एवढा खटाटोप कशाला?" आक्षेपात तथ्य आहे, म्हणून उत्तर नीट देऊ. पहिलं, हा दांडा मोडायला वेग लागत नाही. पूर्ण वळवलेलं चाक, खड्डा किंवा फुटपाथची कड, एवढंही पुरतं. दुसरं, उभी राहणारी गाडी जास्त गंजते. रोज फिरणाऱ्या आट्यांत तेल हलतं, उभ्या गाडीत ते खाली उतरतं. तिसरं, रॅली बघायला गर्दी कुठं उभी असते? वळणावर. खर्चाचंही बघा. सहा ओळींचं चलन फुकट. भेगेची चाचणी स्वस्त. महाग असतो तो क्रोम.

आणि एक गोष्ट मनापासून. चकाकीचा आम्हाला तिटकारा नाही. घासलेल्या तांब्याच्या घागरीवर सकाळचं ऊन पडलं की कुणालाही बरं वाटतं. जुन्या गाडीची ग्रिल, बंपर, दिव्याची कड खुशाल चमकवा, ती त्यासाठीच केलेली आहे. पण सस्पेन्शनला सौंदर्य असतं ते वेगळं. घडीव दांड्यावरची साच्याची रेघ, कारखान्याचा ठसा, नीट झाकून ठेवलेले स्वच्छ आटे, त्यांच्यातून निथळणारं तेल. ज्याला हे बघता येतं त्याला ती गाडी वाचता येते. इथं बसलेल्या बहुतेकांना ते येतं. ती तुमची रोजी-रोटी आहे. फक्त जुन्या गाडीपाशी आलात की ती नजर खिशात ठेवू नका.



(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न: सर, सगळं पटलं. पण गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणतंय, मला क्रोमच पाहिजे. मी नाही म्हटलं तर शेजारच्या शेडमध्ये जाईल. मग?

उत्तर: बरोबर आहे तुमचं, धंदा सोडा असं आम्ही सांगणार नाही. तीन ढीग करा. बंपर, ग्रिल, झाकणं, ज्यांच्यावर कुणाचा जीव टांगलेला नाही, त्यांना हवा तेवढा क्रोम द्या. दुसरा ढीग साध्या पत्र्याच्या ब्रॅकेटचा; तिथं झिंक करून द्या, चमकतंही. तिसरा ढीग स्प्रिंग, उभे दांडे, स्टिअरिंगचे दांडे आणि कडक बोल्ट. तो परत करा आणि चलनावर कारण लिहून द्या: "कडक पोलाद, क्रोम केला नाही." सही करा. गिऱ्हाईक शेजारी जाईल, कबूल. पण तो कागद त्याच्याबरोबर जाईल, आणि शेजारच्यालाही तो वाचावा लागेल.